समुद्राकडची खोली भाड्याने देणे आहे

तोर्वेला, १४ एप्रिल १९९६

आर्मिदा,

चार वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. पाकिटावर माझं अक्षर पाहून कोणीतरी गेलं असं तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. गावात सगळे पूर्वीसारखेच आहेत आणि पूर्वीसारखेच भांडतात.

सोबत नगरपालिकेचा एक अर्ज आहे. पाहुण्यांना खोली भाड्याने द्यायची तर परवाना लागतो, आणि घर दोघांच्या नावावर असल्यामुळे सह्या दोघांच्या. खाली पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही करून कागद परत पाठव. बाकी तुला काही करायचं नाही.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होतो. पण पाल्मिरा म्हणाली, "कारण न सांगता सही मागितलीस तर ती कागद फाडेल." म्हणून कारण सांगतो.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी पाल्मिराच्या कॅफेत एक जोडपं येऊन बसलं होतं. बेर्गामोकडचं. तो दनीलो, दुधाची गाडी चालवतो. ती चिंझिया, चष्म्याच्या दुकानात कामाला. लग्न ठरलेलं आहे, व्हायचं आहे. सकाळपासून किनाऱ्याने चालत गावोगाव खोली विचारत होते. कुठे जागाच नाही, कुठे आहे तर भाडं ऐकून मागे फिरावं असं. तोर्वेला त्यांचं पाचवं गाव. चिंझियाने बूट काढून पाय खुर्चीवर ठेवले होते आणि त्याला म्हणत होती, "समुद्र दाखवतो म्हणालास. सकाळपासून तोच बघतेय. आता मला उशी दाखव."

मी हसलो, तिथेच चुकलं. पाल्मिरा लगेच म्हणाली, "एजिदिओ, घरात तू एकटा. ने यांना."

"माझं घर म्हणजे काय हॉटेल आहे?"

"हॉटेल नाही म्हणून तर सांगतेय. हॉटेल असतं तर यांना परवडलं असतं का?"

एक दिवसासाठी आलेली पोरं तीन दिवस राहिली. मी सकाळी कॉफी करायचो आणि खालच्या भट्टीतून गरम फोकाच्चा पाव आणायचो. ते गच्चीवर बसून तेलाने बोटं माखून खायचे. जाताना चिंझियाने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तेव्हापासून पाल्मिराने आणखी दोन जोडपी वर पाठवली. भाव तिनेच ठरवला, नाश्ता धरून पस्तीस हजार लिरे. मी वीस म्हणत होतो. ती म्हणाली, वीस सांगितलेस तर लोकांना वाटेल गादीत ढेकूण आहेत.

आता गावचा पोलीस म्हणतो, परवाना काढा नाहीतर बंद करा. तेव्हा सही लवकर कर.

एजिदिओ


तोर्वेला, ३ मे

आर्मिदा,

अर्ज परत मिळाला. सही नाही. मागच्या बाजूला तुझे दोनच शब्द आहेत: "कोणती खोली?"

मागच्या पत्रात सगळं लिहिलं आणि खोलीचं नाव तेवढं लिहिलं नाही, हे तू चार वर्षं आणि तोरीनोइतक्या अंतरावरून बरोबर ओळखलंस.

समुद्राकडची.

हो, तीच. जाळ्यांची खोली. आता तिथे जाळी नाहीत, वल्ही नाहीत, इंजिनाचे सुटे भागही नाहीत. भिंतींना दोनदा चुना दिला तरी पावसाळी हवेत मासळीचा वास येतो. लोकांना तो आवडतो. एका बाईने मला विचारलं, हा वास तुम्ही मुद्दाम ठेवलाय का.

आणि दुसरंही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुझे दोन शब्द पुन्हा यायला नकोत. पलंग आपलाच आहे. तुझ्या आईने दिलेला, अक्रोडाचा. घरात जोडप्याला पुरेल असा दुसरा नव्हता. त्या दिवशी दनीलोने आणि मी तो डोंगराकडच्या खोलीतून तिकडे नेला. दारात वळवताना माझ्या पायाला थोडं लागलं, विशेष नाही. मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपतो. बरा आहे बाक.

अर्ज पुन्हा जोडला आहे. फुली आता पेनाने केली आहे.

एजिदिओ


तोर्वेला, २१ मे

आर्मिदा,

तुझं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. पोस्टमनने हातात देताना वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बसून वाचा." मी उभ्यानेच वाचलं. मग बसलो.

तू लिहिलंस की तीस वर्षं तू ती खोली मागत होतीस. सकाळी डोळे उघडल्यावर डोंगराच्या ओल्या दगडाऐवजी पाणी दिसावं एवढंच मागत होतीस. मी दर वर्षी म्हणायचो, हा हंगाम जाऊ दे. आणि बेर्गामोचे दोन अनोळखी लोक आले तर एका दुपारीत तीच खोली, तोच पलंग. हे खरं आहे.

तू असंही लिहिलंस की मी अजून काहीतरी लपवतोय. तेही खरं आहे. फेब्रुवारीत मी नाव विकली.

गुडघे चालेनासे झाले होते. जानेवारीत एकदा जाळं ओढताना मी खाली बसलो तो मला उठता येईना. बंदरापर्यंत तसाच बसून आलो. नाव लेवांतोच्या एका माणसाने घेतली आणि जाळ्यांसकट, इंजिनासकट ओढून नेली. मी धक्क्यावर गेलो नाही. त्यानंतर ती खोली रिकामी होती आणि मी दिवसातून दोन-तीनदा तिचं दार उघडून आत बघायचो. कशासाठी ते विचारू नकोस. त्या खोलीत काय करायचं ते मला कळत नव्हतं. तुला कळवावं असं मनात यायचं, पण नाव गेल्यावर बायको आठवली असं तू म्हणाली असतीस, आणि ते अगदीच खोटं ठरलं नसतं.

मग ती पोरं आली. सकाळी चिंझिया उठून खिडकीत उभी राहिली आणि पाण्याकडे बघत राहिली. दनीलो तिच्या मागे येऊन उभा राहिला, तोही तिकडेच बघत. मी कॉफीचे कप घेऊन दारात. तेव्हा मला समजलं, तू काय मागत होतीस. उशिरा समजलं. पण समजलं.

आता राहिलं लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाचं. तू शिवणकामाच्या पैशांतून पलीकडच्या गावातल्या पांढऱ्या हॉटेलात दोन दिवसांची खोली घेतली होतीस. बॅग भरून, निळा पोशाख घालून उभी होतीस. आणि मी म्हटलं, घरात फुकटचा पलंग असताना पैसे देऊन दुसऱ्याच्या पलंगावर कोण झोपतं. तीच बॅग घेऊन तू तोरीनोला बहिणीकडे, इर्माकडे गेलीस. मी गावात सांगितलं की इर्माच्या शिवणाच्या दुकानात मदत हवी होती म्हणून गेली. पाल्मिरा सोडून सगळ्यांना ते पटलं.

आता लोक पैसे देऊन आपल्या पलंगावर झोपायला येतात, आणि त्यांची तोंडं मी सकाळी बघतो.

सही करायची नसेल तर करू नकोस. मी खोली बंद करेन. हे रागाने लिहीत नाही.

एजिदिओ

ता. क. पायाचं पाल्मिराने इर्माला फोनवर सांगितलेलं दिसतं. हो, अंगठा मोडला होता. आता बरा आहे.


तोर्वेला, ३० जून

प्रिय आर्मिदा,

सही मिळाली. सोबत तुझ्या अटींची यादीही मिळाली. नगरपालिकेच्या अटी यापुढे काहीच नाहीत.

गादी बदलली. जुनी मधोमध नावेसारखी खोल झाली होती, ते तू तीस वर्षं सांगत होतीस. पडदे तू पाठवलेल्या कापडाचेच शिवले, म्हणजे पाल्मिराने शिवले, आणि एक दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड झाला. ती म्हणते, खिडकीच वाकडी आहे. प्लास्टिकची फुलं फेकली. येशूची मोठी तसबीर पलंगावरून काढून जिन्यात लावली. नवीन जोडप्यांना त्याच्या डोळ्यांखाली अवघडल्यासारखं होतं असं तू लिहिलंस, आणि मला वाटलं, आपल्यालाही होत होतं. आपण कधी बोललो नाही.

एक गोष्ट तुझ्या यादीत नव्हती, ती मी माझ्या डोक्याने केली. पाहुणे आले की पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी बोलत नाही. किल्ली देतो, पाण्याचा जग ठेवतो आणि जातो. पूर्वी मी प्रत्येकाला बंदराची हकीकत सांगत बसायचो. एका नवऱ्याने मला विचारलं, "काका, तुम्हाला खाली काही काम नाही का?" तेव्हा कळलं.

खोली सप्टेंबरपर्यंत भरली आहे. लोक एकमेकांना सांगतात. स्वस्त आहे, जिना वाईट आहे, म्हातारा बरा आहे, असं सांगतात म्हणे.

तू अँचोवी मासे मिठात घालायचीस तेव्हा मीठ जाड वापरायचीस की बारीक? मी बारीक वापरलं. बरणी उघडायची हिंमत होत नाही.

तुझा
एजिदिओ


तोर्वेला, २७ ऑगस्ट

प्रिय आर्मिदा,

तू येतेस हे वाचून मी पत्र घेऊन पाल्मिराकडे गेलो आणि तिला मोठ्याने वाचायला लावलं. वाटलं, मी चुकीचं वाचलंय. चौदा आणि पंधरा सप्टेंबर, दोन दिवस, पाहुणी म्हणून, समुद्राकडच्या खोलीत, भाडं देऊन. तिने दोनदा वाचलं. मग मला ग्लासभर वाइन दिली.

आता अडचण सांगतो. मला दोन दिवस झोप नाही. ती खोली त्या तारखांना दिलेली आहे. दनीलो आणि चिंझियाला. चौदाला त्यांचं लग्न होऊन जेमतेम आठवडा झालेला असेल. जूनमध्येच त्यांनी फोन करून ठेवला होता. दुसरीकडे कुठे जायची त्यांची ऐपत नाही, आणि ऐपत असती तरी आम्हाला तीच खोली हवी, असं चिंझिया म्हणाली.

पाल्मिरा म्हणते, "मूर्ख आहेस. पोरांना माझ्या माडीवर टाक. बायको चार वर्षांनी येतेय." तिचं चुकत नाही. पण तीस वर्षं मी तुला दिलेला शब्द मोडत आलो, आणि आता तुझ्यासाठी म्हणून दुसऱ्या एका बाईला दिलेला शब्द मोडायचा, हे मला जमेना. मोडला असता तर तू खोलीत येऊन पहिला प्रश्न तोच विचारला असतास, इथे कोण येणार होतं.

तेव्हा तूच सांग. मी त्यांना येऊ नका म्हणून कळवू, की तू पुढच्या आठवड्यात येशील? पुढचा आठवडा मी कोणालाही दिलेला नाही. त्यापुढचाही नाही. त्यापुढचाही नाही.

तुझा
एजिदिओ


तोर्वेला, १९ सप्टेंबर

प्रिय आर्मिदा,

तू त्याच तारखांना आलीस. डोंगराकडच्या खोलीत, पाल्मिराकडून आणलेल्या लोखंडी खाटेवर झोपलीस, आणि सकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "तो दगड अजून ओलाच आहे." इतकं साधं म्हणालीस की माझ्या हातून कॉफी उतू गेली.

त्या दोन दिवसांत तू घर बघत होतीस आणि मी तुला बघत होतो. आखूड पडदा तू काढून नीट केलास, बरणी उघडून म्हणालीस, "मीठ जाड घालतात," आणि तरीही सहा अँचोवी खाल्ल्यास. मी मोजल्या.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. रविवारी दुपारी तू गच्चीवर चिंझियाच्या झग्याची शिवण घालत होतीस. मी खाली लिंबाला पाणी देत होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. मी पाणी बंद केलं, म्हणजे नीट ऐकू यावं. तिने विचारलं, "तुम्ही यांची बायको ना? मग ही खोली तुमची. आम्हाला सांगायचं होतंत, आम्ही गेलो असतो."

तू म्हणालीस, "राहू दे. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एका बाईसाठी खोली राखून ठेवली. ती मी नव्हते म्हणून काय झालं. सुरुवात तर झाली."

ती हसली. तूही हसलीस. मी लिंबाच्या झाडामागे उभा, हातात नळी. मला हसावं की लाजावं ते समजेना.

मग ती म्हणाली, "आता इथेच राहणार?" आधी तुझा दोरा तोडल्याचा आवाज आला. "नाही गं. तिथे माझं काम आहे. बायका लग्नाचे झगे घेऊन येतात, रडत येतात आणि झगा मापात झाला की हसत जातात. मला ते आवडतं. इथे मी कोणाची तरी वाट बघायचे. तिथे लोक माझी वाट बघतात."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी विचारलं नव्हतं.

स्टेशनवर गाडीत चढताना तू म्हणालीस, "मला भेटायचं तर तू ये." मी नुसता उभा राहिलो. तुला वाटलं असेल, हा काही हलणार नाही. मी बोललो नाही कारण मला भीती वाटली. लष्करातली दोन वर्षं सोडली तर मी तोर्वेलाबाहेर एकही दिवस झोपलेलो नाही. हे मी अभिमानाने सांगायचो. त्यात अभिमानासारखं काही नव्हतं, मला बाहेर झोप लागणार नाही याची धास्ती होती. वादळात नाव काढणारा माणूस आणि परक्या उशीला घाबरतो, हे कोणाला सांगणार? तुला सांगतो.

ऑक्टोबरअखेर खोली बंद होते. मी येतो. इर्माकडे राहणार नाही. तिथे तुझं घर आहे, तिथे मी आयता येऊन बसणार नाही. तुमच्या जवळपास एखादी स्वस्त खोली असेल तर कळव. माझ्या अटी काही नाहीत.

तुझा
एजिदिओ


तोरीनो, २६ नोव्हेंबर

प्रिय आर्मिदा,

तू दोन गल्ल्या पलीकडे आहेस आणि मी पत्र लिहितोय. तूच म्हणालीस की मी बोलताना अर्धं गिळतो आणि लिहिताना गिळत नाही, म्हणून.

पहिले चार दिवस झोप लागली नाही. पाचव्या दिवशी लागली. खिडकीतून समोरच्या इमारतीचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि त्यावर एक लठ्ठ मांजर. मला आता ते मांजर दिसलं नाही तर चुकल्यासारखं होतं. पाल्मिराला मी हे कळवलं. ती म्हणते, तिला मांजराशी काही देणंघेणं नाही, आर्मिदाची बातमी सांग.

तुझी बातमी मी तिला एवढीच कळवली: दर रविवारी आम्ही नदीकाठाने फिरतो, आर्मिदा पुढे चालते. आणि परवा तू जे म्हणालीस ते कळवलं. मार्च ते जून तू तोर्वेलाला येशील, झग्यांचा हंगाम सुरू झाला की परत इथे. मी हिवाळ्यात इथे. जोडपी येतील तेव्हा समुद्राकडची खोली त्यांची, आणि दर महिन्याचा पहिला आठवडा ती आपली, कोणीही कितीही गयावया केली तरी. हे तू चालता चालता सांगितलंस, भाजी आणायला सांगावी तसं. मी हो म्हटलं, पण तोपर्यंत तू बरीच पुढे गेली होतीस. म्हणून इथे पुन्हा लिहितो. हो.

आता तातडीचं. काल तू माझा कोट दुरुस्त करून आणलास आणि आपण खोलीत बसलो, त्यावरून घरमालकीण ओर्तेन्झियाबाई अजून शांत झालेल्या नाहीत. तू गेल्यावर त्या पुन्हा वर आल्या.

"माझ्या घरात एकटी माणसं राहतात नाहीतर लग्न झालेली जोडपी. बाहेरच्या बायका वर येत नाहीत."

"अहो, बायको आहे माझी. चौतीस वर्षं झाली."

"सगळे असंच सांगतात. आणि बायको आहे तर दोन गल्ल्या सोडून का राहते?"

मी म्हटलं, त्याला चौतीस वर्षं लागली, तुमच्याकडे वेळ असेल तर सांगतो. त्या म्हणाल्या, वेळ नाही. तुझं ओळखपत्र त्यांनी काल पाहिलं होतं. त्यावर तुझं माहेरचं नाव, पुढे 'विवाहित'. त्या म्हणतात, विवाहित आहे हे कळलं, पण तुमच्याशीच कशावरून? कागद दाखवा.

मला वाटलं, आता संपलं. तो कागद घरी कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. मग आठवलं, काल जिना उतरताना तू त्यांना म्हणाली होतीस, "लग्नाचा दाखला आहे ना. माझ्या कपाटात, चादरींच्या खाली." मी तेव्हा टोपी शोधत होतो, अर्थ डोक्यात शिरला नाही. आज सकाळी दाढी करताना शिरला.

तू एक बॅग घेऊन निघालीस. चिडलेली होतीस, गाडीची वेळ झाली होती. आणि त्या बॅगेत तू तो कागद ठेवलास. का, ते मी विचारणार नाही. चार वर्षं चादरींखाली होता हे मला पुरेसं आहे.

रविवारी येताना तो घेऊन ये. ओर्तेन्झियाबाई म्हणतात, मूळ प्रत हवी.

तुझा
एजिदिओ